एकशे चौऱ्याऐंशी युरो

पत्र मंगळवारी आलं.
पाकिटाला छोटी खिडकी, खिडकीत मी:
डर्व्हला मॅकगिन्ली, बंदर रस्ता, किलीबेग्स.
आत, कळवण्यास खेद वाटतो.
खेद नक्की कुणाला, ते लिहिलं नव्हतं.
सही छापील होती.

घरचं उत्पन्न मर्यादेच्या वर.
किती वर?
एकशे चौऱ्याऐंशी युरो.

बाबानं पत्र तीनदा वाचलं,
मग बोटांवर मोजायला लागला.
त्याच्या उजव्या हाताला चारच बोटं,
पाचवं बोटीवरच्या विंचनं नेलं,
म्हणून त्याचा हिशेब कायम एकानं कमी भरतो.
या वेळी जास्त भरला.

जानेवारीतल्या त्या दोन जादा फेऱ्या.
शेटलंडच्या बाजूला, लाटा डेकवरून पलीकडे जात असताना,
माझ्या फीसाठी म्हणून गेला होता.
त्या फेऱ्यांनीच आम्ही श्रीमंत झालो.
कागदावर.

आईनं अपील लिहिलं, निळ्या शाईत,
दाताच्या डॉक्टरचं बिल जोडलं,
छपराच्या पाट्यांचं जोडलं,
आणि एक फोटो, का कोण जाणे,
शाळेत मला बक्षीस मिळाल्याचा.
पाच आठवड्यांनी उत्तर आलं. फोटो परत आला नाही.

हेगार्टींच्या पोराला अनुदान मिळालं.
दोन ट्रॅक्टर, टेकडीभर मेंढ्या,
आणि वहीत दरवर्षी तोटा.
मी बोलायला तोंड उघडलं तर आई म्हणाली, गप.
तुझ्या वेळी रात्री दोन वाजता
बर्फातून मला इस्पितळात कुणी नेलं होतं?
त्यातल्याच एका ट्रॅक्टरनं.

पतपेढीत ब्रीजिद बसते.
तिच्या अर्जावर चौकोन असतात:
गाडी, घरदुरुस्ती, लग्न, अंत्यविधी, इतर.
तिनं पेन थांबवून विचारलं, शिक्षण कशात घालू?
आम्ही दोघी जरा वेळ
अंत्यविधीकडे बघून हसलो.
मग इतर.

कर्जानं निम्मं भागलं.
उरलेलं निम्मं मी रात्रपाळीत कापते,
मासळीच्या कारखान्यात, पट्ट्याच्या तिसऱ्या जागेवर,
माझ्या एका बाजूला विल्न्यूसची यूर्गा,
दुसरीकडे बाबाचा शाळूसोबती, आता बहिरा.
बांगडा येतो, पोट उघडायचं, पुढचा.
हिशेब मी युरोत करत नाही आताशा.
एक तास शिकणं म्हणजे दीड क्रेट.
एक पुस्तक, नवं असेल तर, सहा.
मागच्या महिन्यात तापानं एक व्याख्यान बुडलं
तेव्हा मला नीट दिसलं ते:
दीड क्रेट चांगले ताजे मासे, परत पाण्यात.

ऑक्टोबरात एकदा बाबा
बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाला,
या हिवाळ्यात कमी फेऱ्या मारू का?
म्हणजे पुढच्या वर्षी अर्ज बसेल.
सबंध आयुष्यात त्यानं
समुद्रावर जाऊ का, असं कुणाला विचारलेलं नाही.
समुद्रालाही नाही.
आईनं किटली ठेवली.
रेडिओवर हवामान लागलं होतं, ते आम्ही शेवटपर्यंत ऐकलं.
पहाटे त्याचे बूट दाराशी नव्हते.

सहा दहाची बस, स्लायगोपर्यंत.
खिडकीला डोकं टेकून झोपते मी,
उतरायची वेळ झाली की ड्रायव्हर
मुद्दाम जोरात ब्रेक मारतो.
हात लिंबानं घासलेत, कॉफीच्या चोथ्यानं घासलेत,
बाही लांब ओढून घेतलीय.
तरी पुढच्या बाकावरची मुलगी
हळूच खिडकी उघडते. उघडू दे.

विषय माझा हिशेबशास्त्र.
हो, मलाही हसू येतं.
पहिल्याच तासाला बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं:
उत्पन्न म्हणजे काय?
आणि वळून विचारलं, कुणी सांगेल?

मला सांगता आलं असतं.
चार बोटांपासून सुरू केलं असतं,
तास संपेस्तोवर पुरलं असतं.
हात वर केला नाही.
वासामुळे नाही.
दीड क्रेट मोजले होते मी,
म्हटलं, आधी ऐकून तर घेऊ
त्या काय म्हणतात.